बोट धक्क्याला लागेना

१२ जानेवारी

आज ऑफिसात मी व्हिडिओ गेमचा कंट्रोलर भिंतीवर मारला. कंट्रोलरचे दोन तुकडे झाले, भिंतीला ओरखडासुद्धा नाही. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. मग कोपऱ्यातून मुंगी म्हणाला, "ताई, हा चांगला होता. फेकायचे वेगळे ठेवलेत, खालच्या खणात."

मुंगी म्हणजे आमचा टेस्टर. देह पैलवानाचा, पण खेळातली चूक कुठल्याही फटीतून शोधून आणतो, म्हणून मुंगी.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "फेकण्यापेक्षा लिहून काढत जा." कपाटातली कोरी डायरी आणून पुढ्यात ठेवली आणि स्वतः टीव्ही बघायला गेला. बायकोचा राग पुठ्ठ्यात बांधून ठेवायची सोय झाली. ठीक आहे. लिहिते.

आमची कंपनी खेळ बनवत नाही. दुसऱ्यांनी बनवलेले खेळ एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेते. कॉम्प्युटरवरचा टीव्हीच्या कन्सोलवर, कन्सोलवरचा कॉम्प्युटरवर. त्यात माझं काम हातांचं. कुठलं बटण दाबलं की काय व्हावं, हे मी ठरवते. म्हणजे ठरवायला हवं. ठरवतो तारीखराव. आमचा मॅनेजर. त्याचं कुठलंही वाक्य रिलीजच्या तारखेशी जाऊन संपतं. मागच्या वर्षी याच गृहस्थांच्या घाईमुळे कन्सोलवरचा एक खेळ कॉम्प्युटरवर गेला, तेव्हा पडद्यावर 'त्रिकोण दाबा' असं येत राहिलं. कंट्रोलरवर असतं त्रिकोणाचं बटण, कीबोर्डवर कुठे? लोक बिचारे शोधत बसले.

आता हातात आहे 'धक्का'. कॉम्प्युटरवर लाखो लोक वर्षानुवर्षं खेळतात असा शांत, देखणा खेळ. तुमचं एक बंदर असतं. समुद्रातून बोटी येतात. माऊसने बोट पकडायची आणि धक्क्यापर्यंत तिची वाट आखायची. वाटा एकमेकींत गुंतल्या की टक्कर. इतकंच, पण माणूस जेवण विसरतो.

आता कन्सोलला माऊस नाही. अंगठ्याखाली एक छोटी दांडी असते. तर तारीखरावांचा निर्णय काय? दांडी हलवली की पडद्यावर माऊसचा बाण हलेल. झालं काम! उद्या म्हणेल, सायकलला सुकाणू लावा, बोट झाली. मी म्हटलं, सगळं नव्याने रचावं लागेल. बाण नकोच. दांडी ढकलली की जवळच्या बोटीवर आपोआप निवड जाऊन बसली पाहिजे, वाट टप्प्याटप्प्याने आखता आली पाहिजे. मला महिनाभर दे. तो म्हणाला, "चालतंय ना? मग झालं. दहा फेब्रुवारी."

तेव्हा फेकला.

१४ जानेवारी

कन्सोल घरी आणला. ऑफिसातले सगळे दिवसभर हेच करतात, त्यांचे अंगठे सरावलेत. मला खरा खेळाडू हवा. आणि तो माझ्याच घरात आहे.

आई. म्हणजे सासूबाई. निवृत्त गणितशिक्षिका. कंपासशिवाय फळ्यावर असं वर्तुळ काढायच्या की शाळा तपासायला आलेले साहेब दोरी लावून बघायचे. सहा वर्षांपूर्वी मीच त्यांच्या कॉम्प्युटरवर 'धक्का' टाकून दिला, वेळ जावा म्हणून. आता त्यांच्या बंदरात गर्दीच्या वेळी बोटी अशा चालतात, जणू कोणी सुताने आखून दिल्यात. मी त्यांच्यासमोर खेळायला लाजते.

हल्ली मात्र खेळत नाहीत. कॉम्प्युटरवर टॉवेल घालून ठेवलाय. डोळे दुखतात म्हणतात.

"आई, जरा खेळून बघा ना. टीव्हीवर आहे, डोळ्यांना त्रास नाही."

"मला नको ते खेळणं. बटणंच बटणं."

"कामासाठी हवंय हो."

"तुझा नवरा खेळेल."

नवरा दिवसभर लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढतो. त्याला बंदर आणि बादली यांतला फरक कळत नाही. मी आईंच्या हातात कंट्रोलर देऊनच टाकला.

काय सांगू? पहिली बोट धरायलाच कितीतरी वेळ. बाण बोटीच्या अलीकडे, पलीकडे, वर, खाली. आणि वाट आखली तर करवतीचे दात! सरळ रेष कशी ती नाहीच. तिसऱ्या बोटीने दुसरीला धडक दिली. ज्या बाईने आयुष्यात एक बोट बुडवली नाही तिची तीन मिनिटांत वाताहत.

आईंनी कंट्रोलर खाली ठेवला आणि हात मांडीखाली घेऊन बसल्या.

"बघ," त्या म्हणाल्या. "नाही जमत."

"तुम्हाला नाही, या यंत्राला जमत नाही," मी म्हटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्याच वेळी, खरं सांगते, आतून उकळ्याही फुटत होत्या. पुरावा मिळाला होता. उद्या पुन्हा खेळायला लावते आणि मोबाइलवर रेकॉर्ड करते.

१९ जानेवारी

मीटिंगमध्ये व्हिडिओ लावला. आईंचे हात आणि मागे टीव्ही, दोन्ही दिसतील असा घेतला होता. मी म्हटलं, "ही बाई या खेळातली उस्ताद आहे. तिच्या हातांचं तुम्ही काय केलंय बघा."

सगळे बघत होते. तारीखराव अर्ध्यातच उठला आणि व्हिडिओ बंद केला. स्वतःच्या हाताने. मग खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, जणू तिथे रस्त्यावर रिलीजची तारीख उभी आहे.

"पुढे बघायचं नाही का?" मी विचारलं.

"यावरून काही ठरवता येणार नाही."

"का?"

तो बाहेर बघतच म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं, असंही असतं कधी कधी."

मी ऐकून घेतलं असतं, मला बोलला असता तर. आईंना? त्या बाईला नाचता येतं रे, तुझं अंगणच वाकडं आहे! एवढं मी म्हटलंसुद्धा. तोंडावर. त्याने "तुम्ही शांत व्हा" म्हटलं. एरवी आम्ही अरेतुरेत बोलतो. चिडला की तो 'तुम्ही'वर जातो.

बाहेर कॉफीच्या मशीनपाशी पुन्हा गाठ पडली. कपाकडे बघत म्हणाला, "ऑफिसचं राहू दे. तू जरा घरी लक्ष दे."

घरी लक्ष दे! माझ्या जागी पुरुष असता तर म्हणाला असता? मुंगीला कधी म्हणाला का, घरी लक्ष दे म्हणून? मी कॉफी तशीच ओतून टाकली आणि निघून आले.

२३ जानेवारी

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. मुंगीने आज तोच कंट्रोलर, तोच खेळ घेतला. त्याचा बाणही अलीकडे-पलीकडे गेला, बोट धरायला त्यालाही वेळ लागला. पण वाट आखली ती बऱ्यापैकी सरळ. मीही आखून पाहिली. माझीही सरळ.

करवतीचे दात फक्त आईंच्या रेषेला येतात.

मुंगी म्हणाला, "ताई, आजींचा हात..."

"सराव नाही त्यांना," मी म्हटलं.

"तसं नाही..."

"मग कसं? तूही त्याच्या बाजूने बोलणार का?"

त्याने आपल्या खणातून बिस्किटांचा पुडा काढून माझ्यासमोर ठेवला. एवढा मोठा देह, पण वाद घालायचं बळ नाही.

सराव नाही, हेच खरं. सराव करून घेते.

२९ जानेवारी

रोज संध्याकाळी आईंना खेळायला बसवते. कुरकुरतात, पण बसतात. आणि जरा फरक पडेल तर शपथ. उलट वाढतंच आहे. मी शेजारी बसून सांगते, अंगठा हलका ठेवा, दांडी दाबू नका. जितकं सांगते तितकी रेष बिघडते.

मी मधेच ओरडले. त्यांच्यावर नाही, तारीखरावावर. "या माणसाला एक दिवस त्याच्याच दांडीला बांधून ठेवीन!" आई हसल्या. म्हणाल्या, "सोडू नकोस त्याला. तुझं खरं आहे, यंत्रच वाईट आहे."

बघा! घरात एक तरी माणूस माझ्या बाजूला आहे.

बाकी घरात मात्र वैताग आहे. कप फुटायचं प्रमाण फार झालंय. या आठवड्यात तिसरा. आई चहा अर्धाच कप ओततात आणि दोन्ही हातांनी धरून नेतात, तरी फोडतात. मी म्हटलं, लक्ष कुठे असतं तुमचं? त्या पुसायला फडकं घेऊन आल्या. शेजारच्या काकूंनी जेवायला बोलावलं होतं, तिकडे गेल्या नाहीत. पोट बरं नाही म्हणे. घरी येऊन माझ्यासमोर मात्र जेवल्या, तेही चमच्याने. आणि नवऱ्याच्या बहिणीने एवढा छान बटणांचा कुर्ता पाठवला, तो घालत नाहीत, जुनी सैल मॅक्सीच बरी म्हणतात. वय झालं की माणूस हट्टी होतो.

४ फेब्रुवारी

चार दिवस घरी बसून रेष गुळगुळीत करणारा कोड लिहिला. कोणी सांगितलं नव्हतं. हात थोडा इकडे तिकडे गेला तरी कोड तो वळसा काढून टाकतो. मुंगीने खेळून पाहिलं. म्हणाला, "लोण्यासारखं!" ऑफिसातल्या सगळ्यांना आवडलं.

आईंना दिलं. करवतीचे दात थोडे बोथट झाले, एवढंच.

मला माझ्याच कोडचा इतका राग आला की लॅपटॉप फाटकन मिटला. आई म्हणाल्या, "अगं, होतं असं. गणित नाही सुटलं की कागद फाडायचा नसतो." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला आल्या. हात खांद्याशी आला आणि तिथूनच मागे घेतला. रागावल्या असतील माझ्यावर.

सुधारणा तारीखरावाला दाखवली. त्याने मनापासून पाहिली, हे कबूल करते. म्हणाला, "छान आहे. पण आता नाही घालता येणार. पुन्हा सगळं तपासावं लागेल. दहा तारीख..." पुढचं मी ऐकलंच नाही. गाढवापुढे वाचली गीता. गाढव निदान तारीख तरी विचारत नाही.

११ फेब्रुवारी

खेळ काल बाहेर आला. आज त्याची प्रेतयात्रा चालू आहे.

लोकांचं लिहिणं वाचत बसले. एकाने लिहिलंय: "बोट धक्क्याला लागायच्या आत माझी मुलगी शाळेतून कॉलेजात जाईल." दुसरा: "झाडूने सुईत दोरा ओवायचा असेल तर जरूर घ्या." तिसऱ्याने फक्त तुटलेल्या कंट्रोलरचा फोटो टाकलाय. तो माझा भाऊ आहे.

मला आनंद व्हायला हवा होता. म्हटलंच होतं मी! पण खेळाच्या शेवटी नावं येतात ना, कोणी काय केलं ती, त्यात 'नियंत्रण' या शब्दापुढे एकच नाव आहे. माझं. लोकांनी ते शोधून काढलंय. एकाने लिहिलं, "या बाईच्या हातात कोणी घराची किल्ली तरी देतं का?" सात हजार लोकांना ते पटलंय.

मी केलं नाही हे! मी याच्याविरुद्ध भांडले. आणि शिव्या मला. तारीखरावाचं नावही लोकांना ठाऊक नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी.

उद्या खेळाच्या प्रकाशक कंपनीची माणसं येणार आहेत. व्हिडिओ परत दाखवणार. या वेळी पूर्ण. बंद करून दाखव म्हणावं.

१२ फेब्रुवारी

कसं लिहू कळत नाही.

प्रकाशकांकडून दोघं आली होती. तारीखराव मान खाली घालून आकडे सांगत होता. मी उठले, मोबाइल पडद्याला जोडला. म्हटलं, "कोणाला शिव्या पडाव्यात ते तुम्हीच ठरवा. हा व्हिडिओ रिलीजच्या आधीचा आहे." आणि लावला.

आईंचे हात पडद्यावर भिंतभर मोठे दिसत होते.

तारीखराव माझ्याजवळ आला. अगदी हळू म्हणाला, "बंद कर. जरा बाहेर ये."

"इथेच बोल."

"नाही. बाहेर."

त्याचा आवाज असा होता की मी गेले. जिन्यात उभे राहिलो. मी म्हटलं, "तुला लाज वाटते ना बघायला?"

तो म्हणाला, "माझ्या वडिलांचा हात असाच होता. आधी कप. मग सही. मग शर्टाची बटणं. आम्ही म्हणायचो, बाबा, लक्ष कुठे असतं तुमचं? दोन वर्षं म्हणत होतो." मग म्हणाला, "अंगण वाकडं आहे, कबूल. मीच वाकडं ठेवलं. पण आजींची रेष त्याने वाकडी होत नाहीये. त्यांना डॉक्टरकडे ने."

मी म्हटलं, "मग त्या दिवशीच का नाही बोललास?"

"बोललो. घरी लक्ष दे म्हटलं. तू कॉफी ओतून गेलीस."

"असं बोलतात? सरळ मराठीत सांगता येत नव्हतं?"

"सगळ्यांसमोर सांगू? तुझ्या आईंचा हात कापतोय म्हणून?"

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. आणि मी जिन्यात खाली बसले.

आठ जणांच्या खोलीत मी त्या बाईचे थरथरते हात भिंतीएवढे करून दाखवले होते. दोनदा.

घरी गेले तर आई बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या. चिमटा लावता येत नव्हता. मी दारातच उभी राहिले. चिमटा दोरीच्या अलीकडे, पलीकडे, वर, खाली. रोज माझ्या समोर होतं हे. रोज.

"कधीपासून आहे?" मी विचारलं.

त्यांनी वळून पाहिलं. खोटं बोलायचा विचार करून सोडून दिला, तो मला दिसला.

"तुझं यंत्र यायच्या कितीतरी आधीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दोघांनी माझ्या हातातलं सगळं काढून घेतलं असतं. सुरी, गॅस, सगळं. नुसतं बसवून ठेवलं असतं, फुलदाणीसारखं."

"मी तुम्हाला रोज खेळायला बसवत होते! तुम्ही म्हणत होतात यंत्र वाईट आहे!"

"वाईटच आहे ते," त्या म्हणाल्या. मग चिमटा खाली ठेवून, "आणि तू माझ्या हातासाठी त्या माणसाशी भांडत होतीस. इतक्या वर्षांत माझ्यासाठी असं कोणी भांडलं नव्हतं. ऐकायला बरं वाटायचं गं."

मी त्यांच्यावर ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. मग नवरा आला, त्याच्यावर ओरडले. दिवसभर जगाची हाडं बघतोस, सख्ख्या आईचा हात दिसला नाही? तो रडायला लागला. मग त्यावरही मी ओरडले.

१७ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी आईंना हात पुढे धरायला लावले, नाकाला बोट लावायला लावलं. मग कागद पुढे केला. म्हणाल्या, "गोगलगाईच्या पाठीसारखं आतून बाहेर गोल गोल काढा."

आईंनी पेन धरला. मी बघू नये म्हणून खुर्ची थोडी वळवली. मी उठून बाहेर जाऊन बसले. शिक्षिका होत्या त्या. वर्तुळ काढायला सांगावं आणि मी तिथे बसावं, असं मला करवेना.

कंपाचा आजार आहे. जीवघेणा नाही. गोळ्यांनी कमी होईल, जाणार नाही, हळूहळू वाढेल. आई म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासारखाच. हट्टी."

येताना रिक्षात त्या बाहेर बघत होत्या. मी त्यांचा हात हातात घेतला. काही वेळाने त्यांनी सोडवून घेतला.

२२ फेब्रुवारी

प्रकाशकांनी आमची सालटी काढली आणि सुधारून द्या म्हणाले. मला हवा होता तो महिना आता मिळाला. आधी दिला असता तर? लोकांच्या शिव्या खाऊनच अक्कल यायची असते का? तारीखरावाला हेच विचारलं. म्हणाला, "हो."

मग मी म्हटलं, "हात कापणाऱ्या माणसांसाठी वेगळी सोय घालणार. ती वगळायची असेल तर आत्ताच सांग, मी घरी जाते."

"घाल."

"आणि तारीख?"

"तारीख मी बघतो."

हे वाक्य त्याच्या तोंडून! मुंगी खुर्चीवरून पडायचा बाकी होता. मी त्याला माफ केलेलं नाही. पण आज 'तू'च म्हणाला, एवढं खरं.

घरीही कामाला लागले. काचेचे कप वर ठेवून दिले, झाकणाचे प्लास्टिकचे आणले. सुरी उंच खणात. भाजी चिरायला बाई येईल. आईंच्या कपड्यांची बटणं काढून चिकटपट्ट्या शिवून घेतल्या. गॅस त्यांनी पेटवायचा नाही, असं नवऱ्याने सांगून ठेवलंय. आई शांत झाल्यात. बरं झालं, सगळं वेळेत लक्षात आलं.

१६ मार्च

संपलं. जीव काढला या महिन्याने, पण असं काम मी आयुष्यात केलेलं नाही. दांडी नुसती ढकलायची, निवड बोटीवर जाऊन बसते. हात कितीही कापू दे, कोड त्यातला हेतू ओळखतो. कुठला धक्का मनात आहे ते ताडतो आणि वाट स्वतः आखतो. दोन वाटा गुंतणार असतील तर एका बोटीला कोडच थांबवतो. टक्कर होऊच शकत नाही. मुंगीने जाणूनबुजून बुडवायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

उद्या आईंना दाखवते. त्यांचा चेहरा बघायचाय मला.

१७ मार्च

बघितला.

आईंनी पहिली बोट लावली. दुसरी. पाचवी. सुताने आखल्यासारख्या वाटा. मी शेजारी बसून टाळ्या वाजवत होते. नवराही येऊन उभा राहिला. आईंनी दांडी मुद्दाम उलट दिशेला नेली. बोट तरी धक्क्यालाच लागली.

आईंनी कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "कोण खेळतंय?"

"म्हणजे? तुम्हीच."

"मी नाही खेळत. तू खेळतेस. मी बसलेय फक्त." आणि मग त्यांचा आवाज चढला. आमचं लग्न झाल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. वर्गातला असणार. "सुरी तू उचलून ठेवलीस. कप तू बदललेस. बटणं काढलीस, मला विचारलंस? याने गॅस बंद केला. त्या बाईला सांगून ठेवलंय, आजींना भाजीला हात लावू देऊ नका! आता खेळसुद्धा तूच खेळणार? अगं, बुडू दे ना एखादी बोट! पण माझ्या हाताने बुडू दे. बोटं माझी आहेत आणि बोटीही माझ्या!"

नवरा म्हणाला, "आई, तुझ्या भल्यासाठीच..."

"तू गप्प बस. हाडं बघ जा."

मीही चिडले. का नाही चिडायचं? एक महिना राबले मी. रविवार पाहिला नाही. म्हटलं, "तुमच्यासाठी केलं हो सगळं!"

"माझ्यासाठी केलंस, मला विचारून नाही केलंस. तो तुझा तारीखवाला तरी वेगळं काय करत होता?"

मी उठून इथे येऊन बसलेय. बाहेर भांड्यांचा आवाज येतोय. स्टुलावर चढून वरच्या खणातली सुरी काढताहेत बहुधा. नवरा "आई, अगं उतर" म्हणतोय. मी जाणार नाही.

तारीखवाला! मला!

२१ मार्च

तीन दिवस आईंशी बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. त्यांनी स्वतः कांदा चिरला. जाड, वेडावाकडा. आम्ही खाल्ला. बोट कापलं नाही. एक काचेचा कप फुटला, त्यांनीच गोळा केला. मी ताटावरून उठू नये म्हणून मला स्वतःला धरून बसावं लागलं.

ऑफिसात जाऊन मी मुंगीला म्हटलं, मदत चालू-बंद करायचं एकच बटण नको. एक पट्टी करू. डाव्या टोकाला शून्य मदत, उजव्या टोकाला सगळी. मधे कुठे थांबायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. आणि टक्कर परत आण.

"काढायला दोन आठवडे घालवले होते," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. आण."

संध्याकाळी ते घेऊन घरी आले. आईंना म्हटलं, "तुमचं तुम्ही लावा." आणि मी लांबच्या खुर्चीवर बसले.

त्यांनी पट्टी आधी पूर्ण डावीकडे नेली. पहिली बोट समुद्रातच राहिली. मग थोडी उजवीकडे. मग परत जराशी मागे. गोळी चालू आहे, तरी हात कापतोच, ते मला इथूनही दिसत होतं. रेष वाकडी येत होती, पण येत होती. दोन बोटी लागल्या. तिसरी वळणावर घासली. चौथी सरळ धक्क्यावर आदळली आणि आई असं काही म्हणाल्या, जे निवृत्त शिक्षिकेला ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. नवरा आतून विचारत आला, "कोण बोललं?"

"तुझी आई," मी म्हटलं.

आईंनी पुन्हा सुरुवात केली. तीच बोट, तेच वळण. मी खुर्ची जवळ ओढली. बाण अलीकडे, पलीकडे. पट्टी थोडीशीच, अगदी थोडी उजवीकडे केली असती तर सुटली असती ती. मी हात पुढे केला.

त्यांनी पडद्यावरून नजर न काढता माझ्या हातावर चापट मारली. चापट नेमकी बसली.